पाडव्याला पोरं घरी आणि अंगणात मोगरा: साठीनंतर ही तयारी कोणत्या क्रमाने करायची

दरवर्षी होळीच्या तोंडावर गल्लीतल्या दोन-तीन जणी तरी विचारायला येतात, "काकू, मोगरा आता कापला तं चालते का, पोरं पाडव्याला येऊन राहिले." आणि दरवर्षी मला तेच सांगावं लागतं की बाई, आता कैची लावशील तर फुलं पोरं गेल्यावर येतील. बाकीच्या कामांचंही तेच होतं, कूलर धुवायचा राहिलेला असतो, गाद्या ऊन दाखवायच्या राहिलेल्या असतात, मग सगळं शेवटच्या चार दिवसांत अंगावर येतं आणि ऐन सणाच्या दिवशी घरातली म्हातारी माणसं पाठ धरून पलंगावर. नातवंडं आजी-आजी करत मागे फिरतात आणि आजीला उठवत नाही. मी 67 वर्षांची आहे, वर्धा जिल्ह्यातल्या लहान गावात राहते, आणि हे माझ्याही घरी दोन वर्षं लागोपाठ झालं, म्हणून मी कामांचा क्रमच बदलला.

पाडव्यापासून उलटं मोजायचं. जड कामं जानेवारीत, मधली फेब्रुवारीत, आणि सणाच्या आठवड्यात फक्त तीच कामं ठेवायची जी नातवंडांच्या हाताने करायची आहेत. अंगणाचं काम असो की घरातलं, क्रम असाच.

1. आधी कॅलेंडर, मग कैची

पाडवा दरवर्षी एका तारखेला येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण झाडांचं काम करताना कोणी ते लक्षात घेत नाही, सगळे "संक्रांत झाली की कापायचं" एवढंच धरून चालतात. 2026 चा पाडवा 19 मार्चला, 2027 चा 7 एप्रिलला. म्हणजे 19 दिवसांचा फरक. एका वर्षी संक्रांतीनंतर लगेच कापलेलं बरोबर बसतं आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला कापलं तर पहिला बहर पाडव्याच्या आधीच ओसरायला लागतो.

नवीन कॅलेंडर भिंतीला लागलं की त्यावर तीन गोष्टी लिहा: होळी कधी, पाडवा कधी, आणि पोरं खरंच कधी येणार. तिसरी गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये नातवंडांच्या परीक्षा असतात, त्यामुळे बरेचदा पाडव्याला मुलगा एकटाच दोन दिवस येऊन जातो आणि सून-नातवंडं परीक्षा आटोपल्यावर एप्रिलअखेर येतात. तसं असेल तर फुलांची तारीख पाडव्याची धरू नका, नातवंडांची धरा. फोनवर सरळ विचारायचं, "कोणत्या तारखेला येता, किती दिवस राहता, कोण कोण येता." यात भिडस्तपणा करू नका, मी खूप वर्षं केला, "जमलं तर या" म्हणायची आणि मग त्यांनाही वाटायचं की आईला विशेष काही नाही.

तपासा: तारीख नक्की झाली का? नसेल तर कुंड्यांचे दोन गट करा आणि 20-25 दिवसांच्या अंतराने कापा, एक गट तरी वेळेवर सापडतोच.

2. मोगऱ्याची छाटणी

मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो, जुन्या काडीवर नाही. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं. जुनी झुडपं तशीच वाढू दिली तर पानं भरपूर येतात, फुलं चार. आणि कळ्या दिसायला लागल्यावर कापलं तर कळ्यांसकट फुटवे जातात.

पहिलं, पाणी तोडायचं. कापायच्या आधी 12 ते 15 दिवस पाणी एकदम कमी, कुंडीतल्या झाडाला आठवड्यातून एखादा गडवा (तांब्या), जमिनीतल्याला तेही नाही. पानं मलूल होतात, थोडी पिवळी पडून गळतात, घाबरू नका. इथेच बहुतेक जण चुकतात, झाड सुकलेलं पाहवत नाही म्हणून दुपारी गुपचूप बादलीभर पाणी टाकून येतात, आमचे हे सुद्धा हेच करायचे.

मग कापणी. पाडव्यासाठी फुलं हवी असतील तर पाडव्याच्या साधारण 60 दिवस आधी, म्हणजे 2026 साठी 18 जानेवारीच्या आसपास आणि 2027 साठी 6 फेब्रुवारीच्या आसपास. थंडी जास्त असली तर फुटायला आठवडाभर जास्त लागतो, म्हणून जानेवारीच्या कापणीत थोडा हात आधीच चालवायचा. जमिनीतलं झाड दीड फुटावर आणा, कुंडीतलं अर्ध्यावर. वाळलेल्या काड्या बुडापासून काढायच्या, आत आत घुसलेल्या फांद्या काढायच्या, राहिलेली पानंही हाताने ओरबाडून टाकायची. झाड बोडकं दिसतं, तसंच दिसायला पाहिजे.

कैचीला धार पाहिजे. बोथट कैचीने काडी चिरडते आणि आपलं मनगट दुखतं ते वेगळं. धार लावणारा गावात येतो तेव्हाच, दिवाळीनंतर, लावून ठेवा. आणि खाली बसून करू नका! स्टूल घ्या, कुंडी दुसऱ्या कोणाकडून ओट्यावर ठेवून घ्या आणि कमरेच्या उंचीवर काम करा, एका दिवशी तीन-चार झाडांपेक्षा जास्त नाही. गुडघ्यावर बसून आठ झाडं एका सकाळी उरकली तर पुढचे आठ दिवस गुडघा उरकू देत नाही.

कापल्यावर बुडाजवळची माती खुरप्याने हलकी मोकळी करून दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या. मग चांगलं कुजलेलं शेणखत, मोठ्या कुंडीला दोन ओंजळी, जमिनीतल्याला अर्धं टोपलं. ताजं शेण घालू नका, उधई (वाळवी) लागते आणि मुळं जळतात. मग पहिलं पाणी भरपूर, आणि पुढे माती वरून कोरडी दिसली की. वरून सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरून द्या चार बोटं जाडीचं, मार्चमध्ये आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतो तेव्हा या कुटारामुळेच झाडं तग धरतात.

सांभाळा: कुंड्यांच्या मागे, कुटाराखाली, विटांच्या फटीत विंचू असतो, उन्हाळ्यात सापही गारव्याला येतो. कुंडी हलवण्याआधी काठीने ठोकायचं, हात मग. पायात बंद चप्पल.

तपासा: कापून तीन आठवडे झाले की प्रत्येक काडीवर लालसर-हिरवे कोंब दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर काडी नखाने खरवडून बघा, आत हिरवी असेल तर थांबा, तपकिरी असेल तर अजून खाली कापा.

नातवंडं एप्रिलअखेर येणार असतील तर अजून सोपं आहे. पहिला बहर येऊन जाऊ द्या, तो सरला की शेंडे दोन-दोन पेरं खुडून टाका, खत-पाणी द्या, माझ्याकडे महिना-सव्वा महिन्यात दुसरा बहर येतो. आणि एप्रिलच्या उन्हातला मोगरा वासाला मार्चपेक्षा भारी असतो असं माझं मत आहे.

3. झेंडू, आणि जी झाडं नातवंडांपासून दूर पाहिजेत

गुढीला घरचाच झेंडू लावायचा असेल तर रोपं डिसेंबरच्या मध्यात टाका, जानेवारीत उपटून लावा, वीतभर झाली की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत फुलं. पाडवा एप्रिलमध्ये असेल तर सगळंच वीस दिवस पुढे ढकला. इतकंच आहे यात.

पण एक गोष्ट लोक अजिबात मनावर घेत नाहीत. कण्हेर, आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आपल्याकडे कुंपणाला हमखास असते. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो, त्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण दोन्ही झाडं विषारी आहेत, बिट्टीची बी तर जिवावर बेतते. धोत्र्याचंही तेच. शहरातल्या लेकराला काय तोंडात घालायचं नाही हे माहीत नसतं. ते येण्याआधी खाली पडलेल्या बिट्ट्या झाडून घ्या, लहान लेकरू असेल तर खालच्या फांद्या तोडा, आणि मोठ्या नातवंडांना पहिल्याच संध्याकाळी हात धरून ती झाडं दाखवा.

4. घर: कूलर, पाणी, झोपायची जागा

हे काम फेब्रुवारीत, झाडं फुटत असताना. होळीनंतर आपल्याकडे ऊन कसं चढतं ते सांगायला नको, मार्च संपता संपता पारा 40 ला टेकतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या लेकरांना ही झळ सोसत नाही आणि तिसऱ्या दिवशी सून म्हणते, आई, आम्ही उद्या निघतो. माणसं आपल्याला कंटाळून जात नाहीत, उकाड्याने जातात. माझ्याकडे पोरं दोन दिवसांवरून सहा दिवसांवर आली ती एका खोलीचा कूलर नीट केल्यावर.

कूलरच्या जुन्या ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, दरवर्षी बदला, धूळ बसलेल्या ताटीने गार होत नाही, कुबट वास येतो. खाली टाकी गंजली आहे का, वायर कुठे सोलली आहे का, अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या.

सांभाळा: लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद आणि प्लगसुद्धा बाहेर. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरला हात लावल्याने आपल्या भागात दर उन्हाळ्यात माणसं जातात. नातवंडांना कूलरजवळ पाणी भरायला पाठवू नका, कितीही हौस असो. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा, डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यातच होतो.

झोपायच्या जागेचं आधीच ठरवा. आपल्याला रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून आपला पलंग न्हाणीच्या वाटेवर आणि वाटेत गाद्या नकोत, एक छोटा दिवा रात्रभर जळता ठेवा. अंधारात झोपलेल्या लेकराला ओलांडायला जाऊन पडणाऱ्या बायका मी दोन पाहिल्या आहेत. एकीचं खुब्याचं हाड मोडलं.

आणखी एक, बीपीच्या गोळ्या चालू असतील, खास करून लघवी जास्त करवणाऱ्या, तर उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. वय वाढलं की तहान लागलेली कळत नाही, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं तरी समजत नाही. पाहुण्यांच्या गडबडीत तर आपण पाणी प्यायचंच विसरतो. मी माठाजवळ माझा गडवा वेगळा ठेवते, सकाळपासून जेवणापर्यंत दोन गडवे संपले पाहिजेत. (किडनी-हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे माप डॉक्टरांचंच धरायचं.)

5. होळी: पळसाचा रंग

हे काम मुद्दाम नातवंडांसाठी राखून ठेवा. होळीला येणार नसतील तर फुलं वाळवून ठेवा, रंग नंतरही होतो.

पळस, आपल्या बोलीत पयस, फेब्रुवारीच्या मध्यापासून फुलतो, वावराच्या बांधावर, नाल्याच्या काठाला. सकाळी सात-साडेसातला जा, ऊन चढण्याआधी, आणि झाडाखाली पडलेलीच फुलं वेचा. झाड झोडपू नका, वर चढू नका, नातवालाही चढू देऊ नका. ताजी पडलेली फुलं लवचिक असतात, आदल्या दिवशीची काळी पडतात, ती सोडा.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठं काम म्हणजे देठाकडची काळपट मखमली टोपी काढणं. ती न काढता उकळतात आणि मग म्हणतात रंग मळकट आला. सगळ्यांनी कोपर, म्हणजे मोठी परात, मध्ये ठेवून गोल बसायचं, एक हात टोपी धरतो, दुसरा पाकळ्या ओढतो, टचकन निघते. मागच्या वर्षी नातीने पहिलं फूल हातात घेतलं आणि म्हणाली, आजी, हे पोपटाची चोच आहे. मग पुढचा तासभर आमच्या कोपरात पोपट पडत होते आणि मी तिला आईच्या आईने मला सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, पत्रावळी कशा टोचायच्या, पळसाची पानं तीनच कशी. असं बोलणं "ये, बस, गोष्ट सांगते" म्हणून होत नाही, हाताला काम असलं की होतं.

साफ पाकळ्या पाव बादली झाल्या तर पाच लिटर पाणी. स्टीलच्या किंवा जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात, म्हणजे पातेल्यात घाला, लोखंडी कढईत रंग काळवंडतो. उकळी आली की जाळ कमी करून अर्धा तास, मग झाकून रात्रभर तसंच. सकाळी सुती कपड्यातून गाळायचं. पिवळसर-नारिंगी रंग येतो. काही जण चुना टाकतात, त्याने रंग गडद होतो खरं, पण लेकरांच्या अंगावर-डोळ्यांत जाणार असेल तर चुना नकोच.

तपासा: हा रंग दोन दिवसांत आंबतो. म्हणून होळीच्या आदल्या संध्याकाळी उकळा, आठ दिवस आधी नाही. वाळवायची असतील तर फुलं सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो, आणि पूर्ण कुरकुरीत झाल्यावरच डब्यात.

होळीच्या गोवऱ्या, शेणाच्या चाकोल्यांची माळ, साखरेच्या गाठी, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. गाठी मात्र आठ दिवस आधी घेऊन ठेवा, पहिली होळी असलेलं लेकरू घरात असेल तर त्याच्या मापाची लहान गाठी शोधावी लागते आणि शेवटच्या दिवशी ती मिळत नाही.

6. पाडवा: गुढी कोणी उभारायची

गुढीची काठी, गडवा, साडी किंवा खण, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, गाठी, झेंडूची माळ, सगळं आदल्या संध्याकाळी एका जागी. लिंब-आंबा आदल्या दिवशी तोडला तर बुडखा पाण्यात ठेवा, नाहीतर सकाळी पानं मान टाकतात.

आमचे हे 71 व्या वर्षी प्लास्टिकच्या स्टुलावर चढून गुढी बांधायला गेले आणि स्टूल सरकलं. डोकं दाराच्या चौकटीला लागलं, सहा टाके पडले, आणि तो पाडवा दवाखान्यात गेला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, गुढी जमिनीवर आडवी ठेवून पूर्ण बांधायची, घट्ट झाली की नाही ते हलवून बघायचं, आणि उभी करायचं काम मुलाचं आणि नातवाचं. हे खाली बसून दोरीच्या गाठी मारायला शिकवतात, आणि खरं सांगते, उभी करण्यापेक्षा ते शिकवण्यात त्यांना जास्त समाधान आहे. मान जात नाही यात. संध्याकाळी गुढी उतरवतानाही हेच.

लिंबाचा कोवळा पाला किंवा फुलोरा, गूळ, भिजवलेली चण्याची डाळ, ओवा, चिमूटभर हिंग, हे नातवंडांकडून वाटून घ्या, स्वतः वाटलेलं कडू खातात, आपण भरवलेलं थुंकतात.

पुरणाचं सांगते. आठ माणसांचं पुरण एकटीने वाटायचं नाही. डाळ आदल्या रात्री शिजवून ठेवली तर उन्हाळ्यात आंबते, म्हणून सकाळी सहाला कुकर आणि आठला पुरणयंत्र सुनेच्या किंवा मुलाच्या हातात. सांबारवडी (कोथिंबिरीची वडी), वडे, कढी, पोळ्या सगळं एकाच दिवशी करायचा हट्ट सोडा, वडी दुसऱ्या दिवशीही तेवढीच लागते. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी एक पोळी सगळ्यांसोबत पंगतीला बसून खावी, डब्यातून चोरून तीन खाण्यापेक्षा.

7. पोरं घरी असताना दिवस कसा लावायचा

सकाळी 6 ते 9 बाहेरची कामं, झाडं, वावर, देऊळ. 11 ते 5 घरात, दाराला ओला पडदा. आणि 1 ते 3 तुम्ही झोपायचं, पाहुणे असले तरी. सुनेला पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर तिला वाटतं आई रागावून आत गेल्या. रामनवमीला शेगावला जायचा बेत असेल तर लहान लेकरं आणि आपली गुडघेदुखी घेऊन त्याच दिवशी जाऊ नका, गर्दी फार असते, दोन-चार दिवसांनी जा.

मोगरा संध्याकाळी तोडायचा. सकाळी फुललेली फुलं तोडतात ती दुपारपर्यंत तपकिरी होतात. पाच-साडेपाचला टपोरी पांढरी कळी, टोक थोडं सैल झालेलं, तीच घ्यायची. हिरवट कळी तोडली तर उमलत नाही. कळीच्या खालचा हिरवा देठ राहू द्या, ओवताना सुई तिथूनच जाते. ओल्या सुती रुमालात सैल गुंडाळून माठाच्या झाकणावर ठेवा. रात्री आठ-नऊला रुमाल सोडला की सगळ्या एकदम उमलतात आणि खोलीभर वास होतो. रुमाल सोडायचं काम धाकट्या नातीचं, ते मी कोणालाच देत नाही.

सुईत दोरा आता मला दिसत नाही, म्हणून तो नात ओवते आणि गजरा मी करते. सहा-सात वर्षांच्या लेकराला बोथट मोठी सुई द्या, आणि झाल्यावर सुया मोजून डबीत.

तपासा: ज्या कळ्या ओवल्या नाहीत त्यांतल्या दोन-चार पिण्याच्या माठात टाका, पण झाडावर फवारणी केली असेल तर नाही. आजूबाजूला वावर असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा.

8. निघताना: फांदी देऊ नका, कलम द्या

जाताना सून म्हणते, आई, एक फांदी द्या, आम्ही बाल्कनीत लावतो. आणि आपण प्रेमाने एप्रिलमध्ये चार काड्या तोडून ओल्या फडक्यात बांधून देतो. त्या गाडीतच मरतात. मग ते फोनवर सांगत नाहीत आणि आपण विचारत राहतो.

त्याऐवजी पहिला पाऊस झाला की जमिनीलगतची एक लांब फांदी निवडा, मधल्या पेराजवळ बोटभर साल खरवडा, तो भाग मातीत दाबून वर वीट ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. माती ओली ठेवली की दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. मग मूळ झाडाच्या बाजूने कापायचं, आठ दिवस तिथेच राहू द्यायचं आणि नंतर पिशवीत घ्यायचं. दिवाळीला पोरं येतील तेव्हा हातात जिवंत झाड.

किंवा तुम्हीच घेऊन जा. एसटीत 75 पूर्ण झालेल्यांना राज्यात प्रवास फुकट, 65 ते 75 वाल्यांना अर्धं, आणि बायांना 2023 च्या मार्चपासून कोणत्याही वयात अर्धं, लागणारं ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. रात्रीची गाडी धरा, पिशवीतली माती निघण्याआधी दोन तास भिजवून निथळून घ्या, आणि रोप पायाशी ठेवा, वर सामानावर नाही. पिशवीवर मार्करने नातीचं नाव लिहून टाका, म्हणजे तिच्या बाल्कनीत पाणी घालायची पाळी कोणाची यावर वाद होत नाही.